लेकीचा लॅपटॉप

मैत्रिणींनो, लेक आर्किटेक्चरला गेली की घरात पहिला मोठा खर्च येतो लॅपटॉपचा. ‘साधा घेतला तर नाही का चालणार?’ असं आमच्याकडेही झालंच! पण रंगरूप नि किंमत पाहण्याआधी काम पाहावं. ‘रेव्हिट’ हे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहे, हे आधी ध्यानात घ्या. रॅम निदान १६ जीबी हवी, ३२ असली तर उत्तम, शिवाय एसएसडी. काही लॅपटॉपांत रॅम मागाहून वाढवता येते. ग्राफिक्स कार्ड मात्र बहुतेकांत बदलता येत नाही. तेव्हा काटकसर तिथं नको. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअरं विद्यार्थ्यांना शिक्षणापुरती फुकट मिळतात, तेवढाच खर्च वाचतो. कमी पडले तिथं मी बांगड्यांसाठी साठवलेले पैसे घातले. लेकीनं काढलेलं घर पडद्यावर गरागरा फिरताना पाहिलं, नि हात रिकामे वाटलेच नाहीत!