सिंहगड चढायचाय? मग मोटर कुठे आहे ते विचारा!

ई-सायकल घ्यायला गेलं की दुकानात आधी रंग दाखवतात, मग डिस्प्ले, मग महिन्याचा हप्ता. मोटर चाकात बसवलीय की पेडलपाशी, हे मात्र आपणच विचारायचं असतं. आणि या प्रश्नाचं खरं उत्तर दुकानात नाही, स्वारगेट ते सिंहगड या रस्त्यावर मिळतं. म्हणून लागोपाठच्या दोन रविवारी मित्रांच्या दोन वेगवेगळ्या सायकली मागून आणल्या आणि तोच रस्ता केला.

निमित्त बाबांचं. पुणं ‘सायकलींचं शहर’ होतं, त्या काळात ते रोज सायकलवर कारखान्यात जायचे आणि रविवारी सिंहगडावर. गुडघे कुरकुरायला लागले आणि गड सुटला. आमचं बजेट एकाच सायकलीचं. सोमवार ते शुक्रवार ती माझी, ऑफिससाठी, रविवारी बाबांची.

आधी फंडा क्लिअर करू. हब मोटर चाकाच्या मधोमध बसते आणि थेट चाक फिरवते. तुमच्या गिअरशी तिचा काही संबंध नसतो. मिड-ड्राइव्ह पेडलच्या दांड्यापाशी बसते. तिची ताकद चेनमधून जाते, म्हणजे तुम्ही टाकलेला गिअर मोटरलाही मिळतो. हा वाद सव्वाशे वर्षांचा आहे बरं का! अमेरिकेत १८९५ मध्ये ऑग्डेन बोल्टन यांनी मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलीचं पेटंट घेतलं, तर १८९७ मध्ये होसिया लिबी यांनी मोटर पेडलपाशी आणली.

आपल्याकडे लायसन्सशिवाय चालणाऱ्या सायकलीची मोटर २५० वॅटपेक्षा कमी लागते आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे तिची मदत बंद होते. ताकद एवढीशीच, त्यामुळे ती कुठून लागते याला महत्त्व.

पहिला रविवार हबचा. दांडेकर पूल, वडगाव, नांदेड फाटा... मजाच मजा. पेडल नुसतं फिरलं की सेन्सर मोटर सुरू करतो, जोर लावायची गरजच नाही. सिग्नलवरून निघताना तर जाम भारी वाटतं. खडकवासल्यापर्यंत मी मनातल्या मनात हीच सायकल बुक करून टाकली होती.

गोळेवाडीला घाट सुरू झाला आणि चित्र पालटलं. चढावर वेग पडला, की हबमधली मोटरही मंदावते. मग बॅटरीतली वीज चाक फिरवण्याऐवजी उष्णतेत जायला लागते. वळणावर थांबून हात लावला, तर हब चांगलंच तापलेलं. उरलेला चढ माझ्या गुडघ्यांनी ओढला. बाबांच्या गुडघ्यांना हे झेपलं नसतं.

पुढच्या रविवारी मिड-ड्राइव्ह. घाटात सगळ्यात हलका गिअर टाकला, पाय भराभर फिरत राहिले आणि मोटरही आपल्या आवडत्या वेगात. सायकल पळाली नाही, पण थांबलीही नाही. पायावर दाब हलका, तोही एकसारखा.

थोडं गणित. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, गड १३०० मीटरच्या वर. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरले, तर नुसती ही उंची चढायला सुमारे २०० वॅट-अवर ऊर्जा लागते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरच्या बॅटरीत असते ३६० वॅट-अवर. अर्ध्याहून जास्त हिशोब उंचीतच संपला! थोडा भार पाय उचलणारच. पण घाटात वीज उष्णतेवर उधळणं परवडत नाही.

मिड-ड्राइव्हचे नखरेही आहेत. ती महाग. मोटरचा सगळा जोर चेनवर येतो, म्हणून चेन आणि मागची चक्रं लवकर झिजतात. गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर सोडावा लागतो, नाहीतर ‘कट्ट’ असा आवाज काळजात जातो. पंक्चरच्या बाबतीत मात्र बाजी तिची. चाक साध्या सायकलीसारखं निघतं. मागच्या हबवाल्या चाकाला वायर आणि जड नट असतात, आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आधी तुमच्याकडेच बघतो.

तेव्हा बॉस, तुमचा रोजचा रस्ता सपाट असेल, तर डोळे मिटून हब घ्या आणि उरलेल्या पैशात चांगलं हेल्मेट आणि कुलूप. कात्रज, बोपदेव किंवा सिंहगड यांच्या वाटेला वारंवार जाणार असाल, तर मिड-ड्राइव्ह. आम्ही तीच ठरवली. ऑफिसला दोन्ही नेतात, पण बाबांना गडावर एकच नेते. चेन बदलायचा खर्च माझ्या पगारातून, असं घरात ठरलंय.

आणि टेस्ट राइड दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. तुमच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट चढ शोधा, तिथे मागा. उतरताना ब्रेकही तपासून घ्या. घाटात ते मोटरइतकेच महत्त्वाचे.