झगा गेला, बूट गेले

न्यूपोर्टहून बस सुटली तेव्हा स्वच्छ ऊन होतं. कार्लियनला उतरेस्तोवर भुरभुर लागली. वेल्समधलं हे गाव एवढंसं, पण इ.स. 75च्या सुमारास रोमनांच्या ‘दुसऱ्या ऑगस्टा’ लिजननं अस्क नदीकाठी इथे ठाण मांडलं, तेव्हा पाच हजारांवर शिपाई इथे राहायचे. आज त्यांच्या बराकींचे नुसते जोते उरलेत आणि त्यांवर मेंढ्या चराव्यात इतकं हिरवंगार गवत.

अँफिथिएटर म्हणजे गवतानं मढलेला लंबगोल खड्डा. सहा हजार माणसं बसत त्यात. पुढे ते इतकं बुजलं की लोक त्याला आर्थर राजाचं गोलमेज म्हणू लागले. 1926–27मध्ये माती उपसली ती मुख्यतः टेसा व्हीलर यांनी. नाव जास्त झालं ते नवऱ्याचं, मॉर्टिमर व्हीलरांचं. याच व्हीलरांच्या हाताखाली मेडन कासलला खोदकाम शिकले आपले पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळिया. पुढे डेक्कन कॉलेजात असताना नेवाशाच्या पांढरीत त्यांना रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली. कुठली दारू कुठे पोचली होती!

रिंगणात हौशी मंडळींचा खेळ सुरू झाला. लाल झगे, लोखंडी पट्ट्यांची चिलखतं, माणसाला छातीपासून गुडघ्यापर्यंत झाकणाऱ्या ढाली. ‘टेस्तुदो!’ अशी आरोळी आली आणि पुढच्यांनी ढाली समोर धरल्या, मागच्यांनी डोक्यावर. झालं कासव. ते चार पावलं चाललं आणि एकाचा पाय ओल्या गवतात सटकला. अख्खं कासव उसवलं. पोरं खिदळली. मला मात्र लढाईपेक्षा तेच खरं वाटलं.

कारण या रिंगणात सापडलेली सगळ्यात बोलकी वस्तू तलवार नाही, शिशाचा एक पत्रा आहे. त्यावर कुणीतरी नेमेसिस देवीला साकडं घातलंय: झगा आणि बूट तुला वाहिले, आता ते घालणाऱ्याला जिवाचं मोल दिल्याशिवाय ते सोडवता येऊ नयेत. बहुधा चोरीचंच प्रकरण. या पावसात झगा गेलेल्या माणसाचा संताप समजायला लॅटिन यावं लागत नाही. देवळाबाहेर नव्या कोऱ्या कोल्हापुरी गेल्या, तेव्हा मीही अनवाणी रिक्षा शोधत देवाशी असंच काहीतरी बोललो होतो. फक्त पत्र्यावर कोरलं नाही.

खेळ संपल्यावर सेंच्युरियन गाडीच्या डिकीवर टेकून वाद्या सोडत बसला होता. त्यानं वहाण उलटी करून दाखवली. तळाला लोखंडी खिळ्यांच्या गोल टोप्या दाटीनं ठोकलेल्या, मधे चिखल. बोटानं चिखल काढून त्यानं दोन्ही वहाणा पिशवीत घातल्या, डिकी लावली, आणि कुलूप लागलंय ना ते दोनदा ओढून पाहिलं.