आवतण

आमच्या घरात रेडिओ आला तो जागलीसाठी. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावच्या काळ्या वावरात तूर शेंगांवर आली, की रोही आणि रानडुकरं एका रात्रीत वर्षाची कमाई तुडवून जातात. म्हणून आबाजी, माझे आजोबा, मचाणावर झोपायला जायचे आणि चामडी पिशवीतला रेडिओ बल्लीला टांगून ठेवायचे. माणसाचा आवाज आला की जनावर धुऱ्यावरूनच माघारी फिरतं, हा त्यांचा अनुभव. गाण्याला जनावर सरावतं, बोलण्याला सरावत नाही, असंही ते म्हणत. त्यामुळे गाणी लागली की ते काटा फिरवायचे आणि जिथं कुणीतरी कुणाशी बोलतंय तिथं थांबायचे. थंडीच्या त्या रात्री मी त्यांच्या घोंगड्यात शिरून किती चर्चा ऐकल्या याची गणती नाही. सेल उतरले, की दुसऱ्या दिवशी आजी ते टिनावर वाळत्या मिरच्यांच्या शेजारी उन्हात ठेवायची. संध्याकाळी आणखी तासभर आवाज निघायचा.

नागपूर केंद्र 1948 पासूनचं. आमच्या लहानपणी तेच मीडियम वेव्हवर खणखणीत लागायचं. पुढं एफएमचा काळ आला आणि इकडून यवतमाळ, तिकडून चंद्रपूर, अशी दोन केंद्रं जवळ आली. पण माझ्या कानात बसलेली हाक एकच आहे. निवेदक म्हणायचा, "आज आपल्या स्टुडिओत पाहुणे म्हणून उपस्थित आहेत..." आणि छपरीत तांदूळ निवडत बसलेली आजी लगेच म्हणायची, "बसा बाप्पा, उभे कायले राहता!"

ती हे मनापासून म्हणायची. रेडिओतला पाहुणा तिच्या लेखी छपरीत आलेला पाहुणाच होता. त्याच्याशी बोलायचं, पटलं तर मान डोलवायची, नाही पटलं तर तोंडावर सांगायचं. एकदा कुणी बाई हिवाळ्यातल्या भाज्या सांगत होत्या. तुरीचे ओले दाणे आधी शिजवून घ्या म्हणाल्या. आजीच्या हातातलं सूप थांबलं. "अव बाई, भाज ना आधी! उकडले का सारी चव पान्यात गेली." मग तिनं ती भाजी त्याच संध्याकाळी करून दाखवली. शेंगा सोलून काढलेले हिरवे सोले कढईत थोड्या तेलावर, डाग पडेपर्यंत भाजले. लसूण, हिरवी मिरची आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घालून पाट्यावर जाडसर वाटले, असे की दाणा दाताखाली आला पाहिजे. फोडणीत परतले, वरून गरम पाणी. रस्सा आटत आला तेव्हा कडेनं तेलाची हिरवट किनार सुटली. बरोबर ज्वारीची भाकर. ज्या शेंगा जून झालेल्या, त्या मीठ घालून उकडल्या आणि शेकोटीभोवती बसून आम्ही त्या दातानं ओढत बसलो. ती उत्तर देत होती, पण तिचं उत्तर त्या बाईंपर्यंत कधीच पोहोचलं नाही.

आबाजींचंही तसंच. विद्यापीठातले कुणी कपाशीवर बोलायचे. माहिती पक्की असायची, भाषा गोड असायची. "पाण्याच्या दोन पाळ्या द्या," असं वाक्य आलं, की अंधारात आबाजींचा आवाज यायचा, "साहेब, पानी वरतून आलं त खरं. आमच्या वावरात हीर नाही." पलीकडच्या मचाणावरचे शेजारी हसायचे. मला मात्र वाटायचं, साहेबांनी हे ऐकायला हवं होतं. साहेब मनाचे वाईट नसणार, त्यांनी काहीतरी वेगळं सांगितलं असतं.

तुरीच्या शेंगा भरतात डिसेंबरात, आणि नागपूरचं हिवाळी अधिवेशनही डिसेंबरातलंच. 1953 च्या नागपूर करारानं विदर्भाला वर्षातून एक अधिवेशन कबूल केलं, म्हणून ते होतं. दिवसभरात सभागृहात काय झालं याचा आढावा रात्री रेडिओवर यायचा आणि आम्ही तो तुरीच्या राखणीला बसून ऐकायचो. राज्याचं राजकारण मला असं कळलं, थंडीत, उघड्यावर, रोह्याच्या खुरांच्या आवाजाकडे एक कान ठेवून. वेगळ्या विदर्भासाठी झटलेले लोकनायक बापूजी अणे आमच्या शेजारच्या वणीत 1880 साली जन्मले. राज्य पुनर्रचना आयोगानं 1955 साली विदर्भ वेगळा करा अशी शिफारस केली होती. आमच्याच जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते. यातलं मला पुस्तकातून फार थोडं मिळालं. रेडिओ बंद झाल्यावर एका मचाणावरून दुसऱ्या मचाणावर जे ओरडून बोललं जायचं, त्यातून मिळालं. बोलण्याचा शेवट नेहमी एकाच प्रश्नावर यायचा: आपली तूर व्यापारी काय भावानं नेतो आणि मुंबईत डाळ काय भावानं विकते? राजकारण, जेवण आणि रीतभात आमच्याकडे एकाच ताटात वाढलेली असत. रेडिओच्या वेळापत्रकात मात्र त्यांच्या वेळा वेगळ्या होत्या.

सरकारी रेडिओ राजकारणाच्या बाबतीत फार जपून बोलायचा. निवडणुकीच्या वेळी राजकीय पक्षांना तिथं वेळ मिळू लागला तोच 1977 पासून. 2006 च्या धोरणानं गावच्या संस्थांना स्वतःचा सामुदायिक रेडिओ काढायची मुभा दिली, ही मोठी गोष्ट झाली. म्हसवडच्या बायकांनी 2008 साली माणदेशी तरंग वाहिनी सुरू केली आणि माणदेशातली माणसं स्वतःच्या बोलीत बोलू लागली. पण त्या धोरणातही बातम्या आणि चालू घडामोडींना जागा नाही. पाककृती सांगा, ओव्या म्हणा, पण तुरीच्या भावावर भांडू नका. हे मला पटत नाही. ज्या गावाला स्वतःची सोल्यांची भाजी सांगता येते, त्याला सोल्यांचा भावही बोलता येतो.

आणि हे जमतं, याचा दाखला महाराष्ट्राकडे आहे. 1956 च्या सुरुवातीला आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकरी श्रोत्यांची मंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, तो संपला की गावकऱ्यांनी त्यावर बोलायचं आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं. पाहुणा बोलायचा आणि ऐकायचाही. विदर्भ तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता, तो मुंबई राज्यात आला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. आबाजींची मचाण त्या वर्तुळाबाहेर राहिली.

असं ऐकणारं कुणी नसलं की काय होतं? 2017 चा पावसाळा सरता सरता आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. त्या वर्षी कपाशी डोक्यावर गेली होती. फवारा अंगावर, तोंडावर येत होता. पाठीवर पंप घेतलेल्या मजुराला पहिल्याच दिवशी कळलं होतं, की यंदा डोळे जास्त चुरचुरतात. ते वाक्य त्याला माइकसमोर बोलता आलं असतं, तर शेजारच्या तालुक्यातला दुसरा मजूर सावध झाला असता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

बोलणारी माणसं आमच्याकडे कमी नाहीत. पोळ्याला येऊन पाहा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि कानाशी लागून सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी श्रावण अमावास्या. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली झुली घातलेल्या जोड्या उभ्या राहतात आणि झडत्या सुरू होतात. एकजण तालात कडवं म्हणतो, अख्खा जमाव "हर हर महादेव" म्हणून ते उचलतो. कापसाचा भाव, सावकार, सरपंच, मंत्री, सासू, पुरणपोळी, यातलं काहीही सुटत नाही. ज्याच्यावर झडती असते तो चार पावलांवर उभा असतो आणि त्याला ऐकून घ्यावं लागतं. माझ्या माहितीतला राज्यकारभारावरचा सगळ्यात मोकळा परिसंवाद हाच.

झडत्या रचणारे आता म्हातारे झाले. बैलजोड्या कमी झाल्या, तोरण तोकडं झालं. कोलाम आदिवासींच्या पोडांवरचे, म्हणजे वस्त्यांवरचे, म्हातारे कोलामीत जे बोलतात, त्यातलं तर एक वाक्यही मी आजवर रेडिओवर ऐकलेलं नाही. आजी गेली, आबाजी गेले. त्यांची इतक्या वर्षांची उत्तरं कुठल्याच फितीवर नाहीत. टिनावर वाळलेले ते दोन सेल तेवढे जुन्या पेटीत सापडले.

आकाशवाणीच्या केंद्रांना माझी विनंती आहे, की येत्या पोळ्याला माइक घेऊन मारेगाव तालुक्यात या. आधी कळवा, सोले नसतील त्या दिवसांत, पण पुरणपोळी असेल. आणि तुम्ही वाचणारे या भागातले असाल तर वाट पाहू नका. खिशातला मोबाइल काढा, झडती म्हणणाऱ्याच्या जवळ उभे राहा, आधी गावाचं नाव आणि तारीख बोला, मग त्याला म्हणा, "बसा बाप्पा, सांगा."