मोत्या फाटकाशीं कां राहतो?

वसतिगृहाच्या फाटकाशीं निजणारा तांबूस रंगाचा मोत्या आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या ओळखीचा आहे. तो एके काळीं आमच्या घरीं होता, हेंही पुष्कळांस ठाऊक आहे, आणि "सर, आपण त्याला कां घालवून दिलें?" असा प्रश्न आम्हांस वर्गांत अनेकदां विचारण्यांत आला आहे. घंटा होण्याची वेळ झाली, असें सांगून आम्ही तो आजवर टाळीत आलों. वार्षिकांकाच्या पानांवर घंटा होत नाहीं. सबब त्याचें उत्तर येथें देतों.

शाळा उघडण्याच्या सुमारास, पहिल्या पावसांत भिजलेलें हें पिलूं आमच्या धाकट्या कन्येनें छत्रीखालीं धरून घरीं आणलें. तिचें वय त्या वेळीं 9 वर्षांचें होतें. आमचे वडील जन्मभर दम्यानें बेजार असत. आम्हांसही खडूच्या धुळीनें शिंका येतात. तेव्हां कुत्रें घरांत ठेवावें कीं नाहीं, असा विचार पडला. मुलांची आई म्हणाली, "आधीं डॉक्टरांना विचारूं या." परंतु आम्हांस तितका धीर कोठला? आम्ही न्यायाधीशाचा आव आणून निकाल दिला, कीं घरांत कोणास एक जरी शिंक आली, तरी दुसऱ्या दिवशीं पिलूं जाईल.

तीन महिने घरांत कोणी शिंकलें नाहीं. आम्ही मनांतल्या मनांत आपली पाठ थोपटून घेतली.

एके रात्रीं पावसाची सर आली म्हणून मुलांची आई खिडकी लावण्यास उठली, तों मोरीच्या दाराशीं अंधारांत कन्या बसलेली दिसली. तोंडांत पंचा कोंबून ती खोकत होती, आणि तिच्या छातींतून शिटीसारखा आवाज येत होता. आम्ही दिवा लावून जवळ गेलों. आपणांस काय होत आहे, हें सांगण्याच्या आधीं तिनें विचारलें, "बाबा, मोत्या उद्यां जाणार का?"

तीन महिने तिनें आपल्या शिंका उशींत दडविल्या होत्या. जिला आम्ही रोज कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळीं सत्याची थोरवी सांगत होतों, तिला लपवाछपवी आमच्याच निकालानें शिकविली होती. त्या रात्रीं प्रार्थनेस बसलों असतां आम्हांस प्रथम स्वतःसाठींच क्षमा मागावी लागली.

सकाळीं डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं छाती तपासून श्वासावाटे घेण्याचें औषध दिलें. पुढें तिचा दम शांत झाल्यावर हातावर निरनिराळ्या द्रव्यांचे थेंब ठेवून सुईनें हलकेंच टोचून पाहिलें. पाव तासांत कुत्र्याच्या थेंबाखालीं मोठी गांधी उठली. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या फोन पिर्के या डॉक्टरांनीं 1906 सालीं योजिला. शरीर एखाद्या निरुपद्रवी वस्तूसही शत्रु समजून तिच्याशीं झुंजूं लागतें, असा त्याचा भावार्थ. आमची समजूत होती, कीं दोष कुत्र्याच्या केसांचा. वस्तुतः दोष त्याच्या लाळेंत व त्वचेच्या कोंड्यांत असणाऱ्या प्रथिनांचा असतो. केस हे केवळ त्यांचे वाहक. हे कण इतके सूक्ष्म असतात, कीं ते बराच वेळ हवेंत तरंगतात, कपड्यांस व गाद्यांस चिकटतात, आणि कुत्रें गेल्यावरही कित्येक महिने घरांत राहतात.

याच संबंधांत एक हकीकत आमच्या वाचनांत आली. हवाई बेटांवरील एका अंध स्त्रीस वाट दाखविणारा कुत्रा हवा होता. परंतु तिच्या पतीस कुत्र्यांचा त्रास होई. ऑस्ट्रेलियांत असे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेंतील वॉली कॉनरन यांनीं 1989 च्या सुमारास लॅब्रॅडॉर व पूडल या जातींच्या संकरापासून तीन पिलें मिळविलीं. त्यांचे केस व लाळ त्यांनीं आधीं समुद्रापार त्या गृहस्थांकडे पाठविली, आणि ज्या पिलापासून त्रास झाला नाहीं, तेंच निवडलें. पुढें लोकांनीं या संकराचा 'ॲलर्जी न होणारा कुत्रा' म्हणून मोठा डांगोरा पिटला. परंतु 2012 सालीं नेदरलँड्समधील संशोधकांनीं अशा नांवाजलेल्या जातींचे केस तपासले, तेव्हां त्यांत तें प्रथिन इतर जातींहून कमी आढळलें नाहीं. म्हणजे शहाणपण होतें तें जातींत नव्हे, तर आधीं करून पाहिलेल्या परीक्षेंत. त्या गृहस्थांनीं जें समुद्रापार केलें, तें आम्हांस एका गल्लींत साधलें नाहीं. पिलूं घरीं ठेवून घेण्यापूर्वीं कुत्रीं पाळणाऱ्या शेजाऱ्यांकडे मुलीस चार वेळां तासभर बसविलें असतें, तरी पुष्कळ कळतें.

डॉक्टरांचा सल्ला स्पष्ट होता: मोत्या घरांत नको. परंतु या खेपेस निकाल आम्ही एकट्यानें दिला नाहीं. कन्येस जवळ बसवून सांगितलें, "आजारी पडणें हा तुझा अपराध नव्हे, आणि मोत्याचाही नव्हे. आतां काय करावें, तें तूंच सुचव." ती पुष्कळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "फाटकावरच्या काकांना रात्रीं सोबत नसते."

अशा रीतीनें मोत्या फाटकाशीं गेला. आम्ही पडदे, चादरी व गाद्यांच्या खोळी धुऊन काढल्या. तरी तिची छाती पूर्ण मोकळी होण्यास नाताळ उजाडला. आतां ती डॉक्टरांच्या अनुमतीनें संध्याकाळीं मैदानावर, मोकळ्या हवेंत, थोडा वेळ मोत्यास भेटते. मात्र त्यास कवटाळीत नाहीं, आणि घरीं येतांच हातपाय व तोंड धुऊन कपडे बदलते.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं घरांत कुत्रें आणावयाचें, तर परीक्षा आधीं करावी. आणि मुलाच्या शिंकेवर त्याच्या जिवलगाचा वियोग हा दंड कधींही ठेवूं नये. विद्यार्थ्यांनीं इतकें लक्षांत ठेवावें, कीं प्रेमापोटीं लपविलेलें दुखणेंही शेवटीं दुखणेंच असतें.

परवां कपाटांतील जुनीं पुस्तकें झाडतांना कन्येस जोराची शिंक आली. ती हंसून म्हणाली, "बाबा, मला शिंक आली बरं का!" ती शिंक ऐकून आम्हांस जें समाधान वाटलें, तें सांगतां येत नाहीं.