मागच्या दाराची कडी

रात्रीची जेवणं उरकली की आई मागच्या दाराची कडी बघायला उठते. कडी लावलेलीच असते. ती हाताने चाचपते, परत येऊन पलंगावर बसते आणि पाच मिनिटांनी पुन्हा उठते. एका रात्री मी मोजलं, अकरा वेळा. विस्मरणाच्या आजाराचं हे चौथं वर्ष. दिवाळीत दादा आला होता, त्याने हे पाहिलं आणि म्हणाला, "ही आता आपली आई राहिली नाही गं. किल्ली दिलेलं खेळणं झालंय." पोटात तुटत होतं म्हणूनच तो तसं बोलला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

माणूस यंत्र की स्वतंत्र, हा आमचा वाद जुना आहे. कॉलेजात असल्यापासून दादा म्हणतो की घडतं ते सगळं आधीच्या कारणांनी बांधलेलं असतं, माणूसही त्यातून सुटत नाही. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८१४ साली मांडलेली कल्पना त्याच्या तोंडी असायची: या क्षणी विश्वातला कण न् कण कुठे आहे आणि त्यावर कोणती बलं काम करताहेत हे एखाद्या बुद्धीला कळलं, तर तिला भूत-भविष्य सगळं समोर दिसेल. त्यावर आमचे वडील, अण्णा, कपाटातून 'गीतारहस्य' काढत. त्याचं दहावं प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांच्यावर आहे. टिळकांनी ते मंडालेच्या तुरुंगात लिहिलं. ज्याला तुरुंगाबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्याने आत्मा स्वतंत्र आहे असं ठामपणे लिहावं, एवढ्यानेच अण्णांचे डोळे भरून येत. दादाचं त्यावर एकच उत्तर असे: तसं लिहिणंही त्यांच्या स्वभावात ठरलेलंच होतं. मी ऐकत बसायची. दोघांचंही पटायचं आणि दोघांचंही अपुरं वाटायचं.

त्याच मागच्या दाराच्या चौकटीवर कुंभारीण माशीचं घर आहे. आजी ते कधी मोडू द्यायची नाही. म्हणायची, लेकुरवाळीचं घर आहे ते. कुंभारीण तोंडात ओली माती आणून गाडगं घडवते, त्यात अंडं घालते, नांगी मारून लुळ्या केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. कोणी अळ्या भरतात, कोणी कोळी. भक्ष्य मेलेलं नसतं, म्हणून कुजत नाही. अंड्यातून निघालेल्या पिलाला ताजं अन्न मिळतं. पुढे पिलाला ती बघतसुद्धा नाही. आपल्या संतांनी या घरातून भिंगुरटी, म्हणजे हीच कुंभारीण, बाहेर पडताना पाहिली आणि दृष्टांत दिला की अळी भिंगुरटीचा ध्यास घेते आणि स्वतःच भिंगुरटी होते. दृष्टांत म्हणून तो आजही मनाला भिडतो. खरं मात्र असं की आत गेलेली अळी खाल्ली गेलेली असते, बाहेर येणारा जीव दुसराच असतो.

अळ्यांना आतून पोखरणाऱ्या अशाच एका जातीच्या माश्यांनी डार्विनलाही अस्वस्थ केलं होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला त्याने मे १८६० मध्ये लिहिलं की दयाळू, सर्वशक्तिमान ईश्वराने असे जीव मुद्दाम निर्माण केले असतील हे आपल्याला पटत नाही. त्याच पत्रात तो हेही सांगतो की हे सारं विश्व केवळ आंधळ्या शक्तीचा खेळ मानूनही समाधान होत नाही. मला हे पत्र फार प्रामाणिक वाटतं. कुंभारणीचं गाडगं पिलासाठी आहे, हा 'साठी' खोटा नाही, जरी तो कोणी बसून योजला नसला, लाखो वर्षांच्या निवडीतून आला असला, तरी. पण त्या 'साठी'मध्ये अळीला जागा नाही. दोघींना सामावून घेणारा एक मोठा हेतू शोधत मी बरीच वर्षं घालवली. मला तो सापडला नाही.

या माश्यांचीच एक गोष्ट दादाने मला ऐकवली. एक माशी रातकिडा ओढत बिळाच्या तोंडाशी आणते, तो तिथे ठेवून आत एकदा डोकावते आणि मग त्याला आत नेते. ती आत असताना रातकिडा जरा दूर सरकवला, तर ती त्याला पुन्हा तोंडाशी आणते आणि पुन्हा एकटीच आत बघायला जाते. फ्रेंच कीटकनिरीक्षक झाँ-आंरी फाब्र याने हे चाळीसदा केलं, माशीनेही चाळीसदा तेच केलं. डॅनियल डेनेटसारख्या तत्त्वज्ञांनी जीव कसा यंत्रवत असू शकतो हे दाखवायला ही गोष्ट वापरली आहे. दादा म्हणाला, "आईची कडी ती हीच."

मी फाब्रचं लिहिणं शोधून वाचलं. त्यात पुढचा भाग आहे. त्याने हाच प्रयोग दुसऱ्या वसाहतीतल्या माश्यांवर केला. तिथे दोन-तीनदा फसल्यावर माशीने आत डोकावणं सोडलं आणि रातकिडा थेट आत ओढून नेला. हे फाब्रनेच लिहून ठेवलंय, पण गोष्ट सांगणाऱ्यांना चाळीसचा आकडाच आवडला. एवढ्याने माशी स्वतंत्र ठरत नाही, हे मला कळतं. पण यंत्र म्हणून आपण ज्याच्यावरून हात झटकले, त्याच्याकडे पुन्हा नीट बघायला हवं, एवढं तरी त्यातून नक्की ठरतं.

मराठीत पाऊस पडण्याचंही 'कारण' असतं आणि मी एखाद्याला नकार देण्याचंही 'कारण'च असतं. दादाच्या सगळ्या युक्तिवादात ही दोन कारणं एक होऊन जातात. ढगाला त्याचं कारण समजावून सांगता येत नाही. माणसाला सांगता येतं, ते ऐकून तो बदलू शकतो. हे ऐकणं मेंदूतच घडतं, पेशींमधूनच घडतं, आणखी कुठे घडणार? पण पेशींमधून घडलं म्हणून ते ऐकणं नव्हतं असं होत नाही. मी जिला स्वातंत्र्य म्हणते ती एवढीच गोष्ट आहे. ती कमी-जास्त होते, आजाराने झिजते. आईची बरीच झिजली आहे.

गेल्या महिन्यात एका रात्री ती चौथ्यांदा उठली तेव्हा मी दाराशीच उभी होते. तिने कडीकडे हात नेला, माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. "तू लावलीस ना?" मी हो म्हटलं. "मग झालं," म्हणाली आणि जाऊन झोपली. दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, योगायोग असेल. दुसऱ्या रात्री ती पुन्हा नऊदा उठली, तेही मी त्याला सांगितलं.

आता ती उठली की मी तिच्याबरोबर दारापर्यंत जाते, आणि कडी मी लावली आहे हे तिला दर वेळी सांगते.