पायाच्या मापाची मोटारसायकल

शिंप्याकडे कापड टाकताना आपण मापे देतो, चपला घेताना चार जोड पायांत घालून पाहतो. मोटारसायकल मात्र कारखान्यातून जशी आली तशीच वर्षानुवर्षे चालवितो. गिअरचा लीव्हर किती उंचीवर असावा याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आम्हांस तो करावा लागला डाव्या घोट्यामुळे. मोडलेले हाड जुळले, डॉक्टरांनी वाहन चालविण्यास मोकळीक दिली, परंतु पंजा पूर्वीइतका वर उचलेना. घरात गाडी विकण्याची भाषा सुरू झाली. इंदूरसारख्या पसरलेल्या शहरात वाहन सुटले की माणूस दुसऱ्याच्या सवडीवर जगू लागतो. ती पाळी आम्हांस नको होती.

मिस्त्रीने आधी आमचा पाय पाहिला, मग गाडी. म्हणाला, "बाबूजी, बेचते क्यों हो? एक दाँता नीचे कर देते हैं."

गिअरचा लीव्हर ज्या दांड्यावर बसतो त्यावर बारीक दाते असतात. लीव्हरचा बोल्ट पुरता काढावा (नुसता सैल करून ठोकाठोक करू नये), लीव्हर ओढून एक दात खाली बसवावा आणि बोल्ट घट्ट आवळावा, एवढेच काम. तेवढ्याने बोटे लीव्हरखाली सहज जाऊ लागली. आम्हांस हाव सुटली. आणखी एक दात उतरवून घेतला. पण आमचा लीव्हर पंजाटाचेचा, एकसंध. पंजाकडची बाजू खाली गेली की टाचेकडची वर येते. टाच अडखळू लागली, तेव्हा मिस्त्रीने तो दात मुकाट्याने परत केला.

पायाचा ब्रेक मात्र इतका भोळा नाही. त्याची उंची थांब्याच्या बोल्टने कमीजास्त होते. पण उंची बदलली की मागच्या चाकाच्या ड्रम-ब्रेकची ढील पुन्हा पाहावी लागते. पेडल साधारण 20 ते 30 मिलिमीटर मोकळे जाऊन मग ब्रेक धरावा. आपल्या गाडीचे नेमके माप तिच्या पुस्तिकेत असते. ढील मुळीच न ठेवल्यास ब्रेक सतत घासतो व ड्रम तापतो. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवावे, आणि ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो ना, तेही पाहावे. हे सारे रोजचे जोडे घालूनच करावे. जाड तळव्याने माप बदलते.

जुन्या बुलेटवाल्यांना हे सांगणे नलगे. त्यांचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. नव्या गाडीवर बसल्यावर कित्येक दिवस त्यांचे पाय आपसांत भांडत.

दिवाळीत चिरंजीव आले, गाडी घेऊन राजवाड्यापर्यंत जाऊन आले. "बाबा, गिअर फार खाली झालाय हो," म्हणाले. पान्याची पेटी समोरच होती. त्यांनी ती उघडली नाही. किल्ली खुंटीला अडकविली आणि जेवावयास बसले.