शेवटच्या बाकावरची नोंदवही

समावेशक शिक्षणाच्या अभ्यासकाची घडण निरीक्षणाच्या वहीपासून सुरू होते. एम.एड. किंवा पीएच.डी.च्या सुरुवातीला विद्यार्थी एखाद्या शाळेत जातो, शेवटच्या बाकावर बसतो आणि दिसेल ते टिपतो. वही मार्गदर्शकाकडून परत येते तेव्हा तिच्यात लाल शाईच जास्त असते. विद्यार्थ्याने लिहिलेले असते, ‘मुलाला कमी ऐकू येते, त्यामुळे गणिताच्या तासाला लक्ष नसते.’ समासात प्रश्न येतो : हे डोळ्यांना दिसले कसे?

पुन्हा त्याच वर्गात बसल्यावर नोंद बदलते. बाई उदाहरण सोडवताना फळ्याकडे तोंड करूनच बोलतात. मूल ओठ वाचून समजून घेणारे. ओठ दिसेनासे झाले की ते शेजारच्याच्या वहीत डोकावते आणि त्याबद्दल बोलणी खाते. बाई वर्गाकडे वळल्या तरी त्यांच्या पाठीमागे खिडकी आहे, त्यामुळे चेहरा काळोखात. पहिल्या नोंदीतून उपाय निघतो तो श्रवणयंत्राचा. दुसरीतून दोन-तीन निघतात : आधी लिहावे, मग वळून बोलावे; उभे राहण्याची जागा बदलावी; मुलाला पुढे बसवावे. यातल्या एकालाही अनुदान लागत नाही. या दोन नोंदींमधले अंतर कापायला कुणाला एक सत्र पुरते, कुणाला अख्खी नोकरी.

या अंतराला सिद्धान्ताचे रूप आले ब्रिटनमध्ये, आणि ते विद्यापीठांच्या आधी चळवळीत आले. ‘यूपिआस’ या शारीरिक अपंगांच्या संघटनेने १९७६ मध्ये मांडले की शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही दुसरी. दुसरी समाजाची रचना लादते. १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी या मांडणीला ‘सामाजिक प्रारूप’ हे नाव दिले. ऑलिव्हर समाजशास्त्रज्ञ होते आणि स्वतः व्हीलचेअर वापरत. याच चळवळीतले विक फिंकेलस्टाइन दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध काम केल्याबद्दल तुरुंगवास भोगून ब्रिटनमध्ये आलेले. त्यांनी कल्पिलेले एक गाव या विषयाच्या वर्गांत अजून सांगितले जाते. गावातले सगळे व्हीलचेअरवर, म्हणून दारे आणि छते बुटकी. तिथे पायांनी चालणारे काही लोक राहायला येतात, जाता-येता डोके आपटून घेतात, आणि गावचे डॉक्टर त्यांना हेल्मेट व कंबरेतून वाकवून ठेवणारे पट्टे लिहून देतात. पहिल्याच तासाला ही गोष्ट ऐकून वर्ग हसतो. ती पचायला मात्र वेळ लागतो, कारण बहुतेक विद्यार्थी मनातल्या मनात त्या डॉक्टरांच्याच बाजूचे असतात.

भारतात शिक्षणशास्त्रातली ही वाट दुभंगलेली आहे. सर्वसाधारण बी.एड.वर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे नियंत्रण, तर विशेष शिक्षणाच्या बी.एड.वर भारतीय पुनर्वास परिषदेचे. दोन्हींचे कायदे पाठोपाठचे, १९९३ आणि १९९२ चे. विशेष शिक्षणात पुन्हा दृष्टी, श्रवण, बौद्धिक अक्षमता अशा शाखा. परिणामी ज्याला सगळ्या मुलांचा वर्ग घ्यायचा आहे त्याला अपंगत्वाची जुजबी ओळख होते, आणि ज्याला अपंगत्व नीट कळते त्याला सगळ्या मुलांचा वर्ग क्वचित मिळतो. सर्व मुलांनी एका वर्गात शिकावे असे सांगणाऱ्या विषयाचे शिक्षक वेगवेगळ्या वर्गांत घडवले जातात, ही विसंगती या क्षेत्रात इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

धोरणाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९७४ ची केंद्राची एकात्म शिक्षण योजना, समावेशक शिक्षणाबद्दलचे १९९४ चे सालामांका निवेदन, २००७ मध्ये भारताने मान्य केलेला अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. ‘एकात्म’मध्ये मुलाने शाळेला जुळवून घ्यायचे असते, ‘समावेशक’मध्ये शाळेने मुलाला. कागदावर शब्द बदलला. शाळेत बऱ्याचदा जुनाच अर्थ चालतो. शब्दांचा गुंता मराठीत अधिक. अपंग, विकलांग, दिव्यांग हे तिन्ही एकाच दाखल्याच्या प्रवासात भेटतात. ‘दिव्यांग’ सरकारी झाला, महाराष्ट्रात २०२२ पासून त्या नावाचा स्वतंत्र विभागही आहे. पण अनेक कार्यकर्त्यांना तो रुचत नाही. हक्क मागणाऱ्याला दिव्यत्व देऊन काय साधते, असा त्यांचा सवाल आहे. अभ्यासकाला शोधनिबंधात एक शब्द निवडावाच लागतो, आणि त्यावरून त्याची बाजू ओळखली जाते.

क्षेत्रकार्यात सगळ्यात अवघड काम मुलाखतीचे. प्रश्न मुलाला विचारला जातो, उत्तर आई देते. ती मायेपोटीच देते, म्हणून तिला थांबवणे जड जाते. अनुभवी संशोधक खुर्ची सरकवून मुलासमोर येतो, प्रश्न लहान करतो, चित्रांचा आधार घेतो आणि बराच वेळ गप्प राहतो. हे गप्प राहणे संशोधनपद्धतीची पुस्तके वाचून येत नाही. गटातल्या शाळा पालथ्या घालणाऱ्या फिरत्या विशेष शिक्षकांकडून ते शिकावे लागते. त्यांच्या वाट्याला फॉर्म आणि शिबिरे एवढी येतात की मुलाजवळ बसायला उरलेला वेळ ते जपून वापरतात.

शेवटचा टप्पा प्रबंधाचा. मराठीतले कितीतरी जुने प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. एनव्हीडीएसारखा, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर अशी फाइल उघडतो तेव्हा त्याला मराठी अक्षरे सापडतच नाहीत. फॉन्टआड दडलेली रोमन अक्षरे आणि चिन्हे तो एकेक करून वाचत सुटतो. स्कॅन केलेल्या पानांवर तर तो मुकाच होतो. त्यामुळे दृष्टिहीन विद्यार्थ्याने समावेशक शिक्षणावरचा एखादा जुना प्रबंध मागवला, तर मार्गदर्शकाचे पहिले काम असते कन्व्हर्टर शोधण्याचे. त्यानंतर जोडाक्षरे तपासायची, तुटलेले रफार जागेवर आणायचे, आणि तक्त्यांतले आकडे कुणाकडून तरी वाचून घेऊन नव्याने भरायचे.